मराठी माध्यमातून आल्यावर इंग्रजीतल्या लिटररी टर्म्स आणि एसेची तयारी कशी करावी?

तू लिहिलं आहेस की दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, आता मुंबईत अकरावीला आहेस. इंग्रजीच्या तासाला लिटररी टर्म्सची उजळणी आणि एसे रायटिंग एकदमच सुरू झालंय. व्याख्या पाठ होतात, पण पेपरात हात चालत नाही. मी दादरच्या बाजूला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. माझी स्वतःची शाळा परळची, मराठी माध्यमाची, त्यामुळे तुझी अडचण मला आतून माहीत आहे.

आधी शाळेतलं मराठी व्याकरणाचं पुस्तक काढ. खरंच काढ. सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनागुणोक्ती, हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती, पॅराडॉक्स म्हणजे विरोधाभास. निम्मी यादी इथेच संपली. उपमेय आणि उपमान तर तुला येतंच. इंग्रजी समीक्षेत मेटाफरच्या या दोन भागांना टेनर आणि व्हेइकल ही नावं इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी 1936 मध्ये दिली, आपल्याकडे ती वाटणी संस्कृत अलंकारशास्त्रापासून चालत आलेली आहे. उत्प्रेक्षेला मात्र इंग्रजीत वेगळं घर नाही. 'अ‍ॅज इफ' आलं की बहुतेक वेळा ती सिमिलीतच धरतात.

अ‍ॅलिटरेशनमध्ये मुलं हमखास फसतात, कारण ती अक्षर बघतात आणि अनुप्रास असतो आवाजाचा. सिटी आणि कॅट दोन्ही 'सी'ने सुरू होतात, तरी अ‍ॅलिटरेशन नाही. नाइफ आणि नाइट यांचं आहे, कारण नाइफमधला 'के' मुका. शंका आली की दोन्ही शब्द देवनागरीत लिहून बघ, लगेच कळतं. ही सोय इंग्रजी माध्यमवाल्यांना सहसा सुचत नाही.

आता मुख्य गोष्ट. नुसतं नाव ओळखून फारसं काही मिळत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने 26 जुलै 2005 च्या मुंबईतल्या पुरावर लिहिताना मिठी नदीबद्दल वाक्य लिहिलं होतं, 'मिठीने त्या दिवशी शहराला मिठी मारली.' यात श्लेष आहे आणि चेतनागुणोक्तीही. एवढंच लिहिलंस तर उत्तर अर्धं राहिलं. पुढे लिहायचं ते असं: मिठी हा मायेचा शब्द आहे, इथे तो गुदमरवणाऱ्या पाण्याला लावलाय, त्यामुळे वाचताना जवळचंच कुणीतरी उलटल्यासारखं वाटतं. म्हणजे आयरनी, म्हणजे उपरोधही आला. आणि हे वाक्य इंग्रजीत नेलं तर श्लेष मरतो, मागे फक्त पर्सॉनिफिकेशन उरतं. प्रत्येक टर्मला हाच प्रश्न विचार: हा अलंकार काढून साधं वाक्य ठेवलं, तर काय हरवतं? जे हरवतं, तेच तुझं उत्तर.

टोन आणि मूड यांची गल्लत करू नकोस. टोन लिहिणाऱ्याचा, मूड वाचणाऱ्याच्या मनात तयार होणारा. थीम विचारली तर 'पाऊस' हे उत्तर नाही, तो विषय झाला. थीम पूर्ण वाक्यात सांगावी लागते. सॉनेटला घाबरण्याचं कारणच नाही, 14 ओळींचा तो प्रकार केशवसुतांनी मराठीत आणला आणि आज आपण त्याला सुनीत म्हणतो. छंदात एकच फरक लक्षात ठेव: आपण लघु-गुरु मोजतो, इंग्रजीत आघात मोजतात.

एसेकडे येते. तो शब्द मूळ फ्रेंच, अर्थ 'प्रयत्न', फ्रेंच लेखक मोंतेन्यने 1580 मध्ये आपल्या लेखांना ते नाव दिलं. शाळेतल्या निबंधात आपण विषयाभोवती छान छान वाक्यांची आरास करायचो. एसेमध्ये एक म्हणणं मांडायचं असतं, ज्याच्याशी शहाणा माणूस असहमत होऊ शकेल असं. त्याला थीसिस म्हणतात.

पुराचंच उदाहरण घे. 'मुंबईत पुरामुळे लोकांचे हाल झाले' याला कोण नाही म्हणेल? मग पुढे सांगायला काय उरतं? त्याऐवजी 'त्या दिवशी पावसाइतकंच शहराच्या रचनेनेही मुंबईला बुडवलं' असं म्हण. आता पुरावा द्यावाच लागतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला त्याच वेळात 100 सुद्धा नाही. शहराची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला साधारण 25 मिलिमीटर पाणी वाहून नेण्याच्या हिशोबाने केलेली, तीही ओहोटी असताना. मिठीचं पात्र भराव आणि अतिक्रमणांनी आकसलेलं. प्रत्येक आकड्यानंतर एक वाक्य स्वतःचं हवं: यावरून माझं म्हणणं कसं सिद्ध होतं? तेच वाक्य मुलं गाळतात आणि एसे माहितीपत्रक होऊन बसतो. मग समोरच्याची बाजू घे: एवढा पाऊस कुठल्याही शहराला झेपला नसता. हे मान्य कर, आणि तरीही तुझं म्हणणं का टिकतं ते सांग.

थीसिस आधी मराठीत, मोठ्याने, घरातल्या कुणाला तरी सांगून बघ. आई 'मग काय झालं?' म्हणाली, तर तो अजून थीसिस झालेला नाही. 'असं कसं म्हणतोस?' किंवा 'असं कसं म्हणतेस?' म्हणाली, तर वही उघड. इंग्रजी वाक्यं छोटी ठेव, एका वाक्यात एकच क्रियापद असलं तरी चालेल. व्याकरणाच्या चुका मी लाल पेनाने दुरुस्त करू शकते. म्हणणंच नसेल, तर माझ्या पेनाला दुरुस्त करायला काही मिळत नाही.

परीक्षेपर्यंत रोज एकच परिच्छेद लिही, हाताने, घड्याळ लावून 15 मिनिटं. दुसऱ्या दिवशी तोच वाच आणि ज्या वाक्याशिवाय चालतं ते खोड.