चायनीजच्या क्लासचं विचारलंत, पण भाऊ, ती ६० हजारांची पॉलिसी काहून घेतली?

दारव्हा तालुक्यातल्या एका भाऊंचं पत्र आलंय. वय ३६, घरी आई, बायको, दोन लहान पोरं. ५ एकर कोरडवाहू, कापूस-तूर, अन् गावातच फवारणी पंप आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान, त्यातून महिन्याला १२-१३ हजार सुटतात. बॅटरी पंपाचे पार्ट चीनचे, दुरुस्तीचे चांगले व्हिडिओही चायनीजमध्ये, म्हणून गडी दीड वर्षापासून रात्री जेवण झालं की मोबाईलवर चायनीज शिकतोय. महिना ८०० रुपये, आठवड्याला दोन तास. एचएसके (चायनीजची परीक्षा) पातळी २ पास झालाय, २०० पैकी १७१. पासिंग १२० ला असतं, म्हणजे खरंच अभ्यास केलाय. आता दुसऱ्या एका संस्थेचे रोज फोन येतात. १० महिन्यांत १२० तास, ८५ हजार फी, एचएसके ४ ची गॅरंटी, मग दुभाष्याची नोकरी, पगार ६० हजार, आणि नो कॉस्ट ईएमआय. विचारलंय, घेऊ का?

नका घेऊ. ८५ हजार भागिले १२० म्हणजे तासाला ७०० रुपये, आणि तुमचा आत्ताचा क्लास तासाला १०० ला पडतो. सातपट पैसे कशाचे, तर गॅरंटीचे. एचएसके २ ला ३०० शब्द, ४ ला १२००, हा जुना हिशोब (२०२१ मध्ये नवीन मानक आलं, त्यात ९ पातळ्या आहेत, तुमची ४ कोणत्या हिशोबातली हे त्या फोनवाल्या मॅडमला विचारून बघा, गंमत येईल). अमेरिकेचं परराष्ट्र खातं त्यांच्या अधिकाऱ्यांना चायनीज शिकवायला ८८ आठवडे, २२०० तास धरते. तिथे १२० तासांत दुभाषी? १२०० शब्दांवर पंपाचा ऑर्डर देता येईल, पण दोन कंपन्यांच्या मालकांमध्ये बसून करार बोलता येणार नाही. आणि नो कॉस्ट ईएमआय म्हणजे फायनान्स कंपनीचं कर्ज, तुमच्या नावावर. चार महिन्यांत क्लास आवडला नाही तरी हप्ता चालूच राहते.

क्लासचं एवढंच. आता पत्राच्या शेवटच्या दोन ओळींकडे येऊ, ज्या तुम्ही सहज लिहून टाकल्या: "जानेवारीत पॉलिसीचे ६० हजार भरायचे आहेत, ते झाले की ईएमआय चालू करीन. पीककर्ज मार्चपासून थकलंय पण त्याचं टेन्शन नाही, माफी होणारच आहे."

मी चहा खाली ठेवला ना भाऊ हे वाचून.

तुमच्याच आकड्यांवरून लावतो. पीककर्ज १ लाख ५० हजार. मार्चमध्ये हाती ९० हजार होते, ६० कमी पडले म्हणून भरलंच नाही, ते ९० मग घराच्या स्लॅबमध्ये गेले. ६० कमी का पडले? कारण जानेवारीत पॉलिसीचा दुसरा हप्ता भरला होता, बरोबर ६० चा. आपल्या राज्यात ३ लाखापर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्यावर येते. शून्य! असं कर्ज टाटा-अंबानीलाही मिळत नाही. मुदत गेली की बँक आपला दर लावते, ११ टक्के धरा, वर्षाचे साडेसोळा हजार. थकल्यामुळे यंदा नवीन कर्ज नाही, म्हणून कृषी केंद्रातून ४० हजारांचं बियाणं-खत उधारीवर, २ टक्के महिन्यानं, ८ महिने, म्हणजे अजून ६४०० रुपये. झाले वर्षाचे २३ हजार. आणि ज्या पॉलिसीपायी हे सगळं झालं ती काय देते? १० वर्षं ६०-६० भरायचे, २०३९ ला अंदाजे ९ लाख. ऐकायला दीडपट, पण पैसा किती वर्षं अडकला ते धरलं तर ४ टक्के. पोस्टातसुद्धा पीपीएफला ७.१ आहे. ६० हजारावर ४ टक्के म्हणजे वर्षाला २४०० रुपये. २४०० कमवायला २३ हजार घालवले.

बँकेतले साहेब तुम्हाला म्हणाले, "एफडीसारखंच आहे, डबल होते, आणि पीककर्जाचं काम पण सोपं जाईल." कापसाचे पैसे खात्यावर आले त्याच आठवड्यात म्हणाले ना? मला दर हिवाळ्यात अशी पाच-सात पत्रं येतात. खात्यात कापूस दिसला की केबिनमध्ये बोलावून चहा पाजायचा, टार्गेट पूर्ण. चायनीजमध्ये 'माइ' म्हणजे विकत घेणं आणि 'माइ' म्हणजेच विकणं, फरक फक्त सुराचा, घेताना आवाज खाली जाऊन वर येतो, विकताना सरळ खाली पडतो. हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत, पण केबिनमध्ये कोणता माइ चालू होता ते नाही ऐकू आलं.

बरं, ही पॉलिसी विमा म्हणून तरी कामाची आहे का? कव्हर ६ लाख. घरखर्च महिना २० हजार धरला तर अडीच वर्षं. धाकटं पोरगं ३ वर्षांचं आहे, भाऊ.

मग करायचं काय. जानेवारीचा हप्ता भरायचा नाही, हे पक्कं. त्यानंतर दोन रस्ते. पेड-अप (पुढचे हप्ते बंद, पॉलिसी मुदतीपर्यंत तशीच) करून ठेवली तर २०३९ ला साधारण १ लाख २० हजार मिळतील. सरेंडर केली, म्हणजे आत्ताच मोडली, तर आज ३६ हजारांच्या आसपास, कारण पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४ च्या नवीन नियमांच्या आधीची आहे आणि दोन हप्त्यांवर ३० टक्केच परत. दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी घ्या, तोंडी नको. नुसतं गणित बघितलं तर पेड-अप बरी, ३६ चे १३ वर्षांत १ लाख २० म्हणजे पावणेदहा टक्के होतात, दुसऱ्या कोणाला मी तेच सांगितलं असतं. पण तुम्ही लिहिलंय यंदा कापूस विकून हाती १ लाख २० येतील. त्यात हे ३६ आणि दुकानातले १०-१२ घातले की व्याजासकट पीककर्ज बंद होते, जूनच्या आधी नवीन मिळते आणि कृषी केंद्राची उधारी सुटते. म्हणून तुम्ही सरेंडरच करा. ८४ हजारांचा फटका आहे, दुखणार. तीन-चार महिने घर दुकानावर चालवावं लागेल, ओढाताण होईल, वहिनींना आत्ताच सांगून ठेवा. फसवून विकल्याची लेखी तक्रार कंपनीकडे जरूर करा, दाद नाही दिली तर विमा लोकपालाकडे, तिथे फी लागत नाही. पैसे येतील असं मात्र धरून चालू नका.

आणि माफी. २०१७ ला आली, दीड लाखाची मर्यादा. २०१९ ला आली, २ लाखांची, त्यात ३० सप्टेंबर २०१९ ची थकबाकी धरली. नियमित भरणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळालं, तेही पुष्कळ उशिरा. पुढची कोणत्या तारखेची थकबाकी धरेल ते जीआर निघाल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. उद्या आली तर मला शिव्या घालाल, घाला. वाट बघायचीच असेल तर बघा, वर्षाला २३ हजार तिकीट आहे, पण मग ते ६० हजार घरात ठेवून बघा ना, पॉलिसीत घालून काहून?

विम्यासाठी साधा टर्म प्लॅन (नुसता विमा, मुदत संपली की परत काही नाही) घ्या, ५० लाखांचा, वयाच्या साठीपर्यंत, वर्षाला ८-१० हजारांत बसावा, सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी पण नाही. उत्पन्नाचा पुरावा मागतील, दुकानाचं रिटर्न भरत नसाल तर भरायला लागा. आणि तंबाखूचा खर्रा खात असाल तर फॉर्मवर खरं लिहा, हप्ता वाढेल तर वाढू द्या, नाहीतर क्लेमच्या वेळी वहिनींनाच त्रास. तोवर बँकेतला ४३६ रुपयांचा जीवनज्योती आणि २० रुपयांचा सुरक्षा विमा तरी आजच चालू करा, दोन्ही २-२ लाखांचे.

चायनीज सोडू नका. ८०० चा क्लास चालू ठेवा, पुढे एचएसके ३ द्या. आपल्या मराठी जिभेला ती भाषा तशी सोपी जाते, प-फ, त-थ वेगळे आहेतच, आणि 'चार' मधला च आणि 'चांगला' मधला च असे दोन्ही आपल्याला घरूनच येतात. पण पैसा यायचा तो दुकानातूनच, नोकरीतून नाही. आज पार्ट नागपूरहून दुसऱ्या-तिसऱ्या हातानं घेता, उद्या चार दुकानदार मिळून थेट मागवायचं म्हटलं तर आयातीचा आयईसी नंबर ५०० रुपयांत ऑनलाइन निघतो, आणि समोरच्याशी भाव तुम्ही स्वतः कराल. तिकडचे व्यापारी वीचॅट नावाच्या ॲपवर बोलतात आणि ते आपल्याकडे जून २०२० पासून बंद आहे, म्हणून ईमेल लिहायला शिका, बोलण्याइतकंच लिहिणं पण.

एक काम मात्र आजच. पॉलिसीचा हप्ता खात्यातून आपोआप कटत असेल तर बँकेत लेखी अर्ज देऊन ते बंद करा आणि पोच घ्या. कापसाचे पैसे त्याच खात्यावर येणार आहेत.