'द रायडर'मधलं कुटुंब खरंच आहे, मग तो माहितीपट का नाही? घरच्या रोजच्या जगण्यावरचे असे आणखी कोणते चित्रपट पाहावेत?

'द रायडर' (2017) तुम्ही पाहिलाय, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो. ब्रेडी जँड्रो हा अमेरिकेतल्या साउथ डकोटातला खराखुरा रोडिओ घोडेस्वार. रोडिओ म्हणजे उधळलेल्या घोड्यावर किंवा बैलावर टिकून बसण्याचा खेळ. 2016मध्ये घोड्याचा पाय डोक्यावर पडून त्याची कवटी फुटली आणि डोक्यात धातूची पट्टी बसवावी लागली. दिग्दर्शिका क्लोई झाओ त्याला आधीपासून ओळखत होती. तिने त्या दुखापतीभोवती गोष्ट रचली, त्याचं आडनाव बदलून ब्लॅकबर्न केलं, आणि बाप म्हणून त्याचा बाप, बहीण म्हणून त्याचीच बहीण घेतली. प्रसंग रचलेले, माणसं खरी. म्हणून तो कथापट.

पण 'कुठला प्रसंग खरा घडला होता' असं शोधत बसलात तर फसगत होईल. त्यात ब्रेडी ज्या अपंग मित्राला भेटायला जातो, तो लेन स्कॉटही खरा. पाहताना आपल्याला वाटतं की बैलावरून पडून त्याची ही अवस्था झाली. प्रत्यक्षात तो मोटार अपघातात जखमी झाला होता. म्हणजे कारण बदललंय. पण त्या दोघांची मैत्री, ब्रेडी त्याच्याजवळ बसतो ती पद्धत, ती कोण लिहून देणार? बहीणभावाचंही तेच. एका घरात वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसांना एकमेकांची जी सवय झालेली असते, ती तालमीत उभी करता येत नाही. या प्रकारच्या सिनेमात खरं म्हणायचं ते हेच, असं माझं मत आहे.

ही सरमिसळ नवीन नाही. माहितीपटांचा आद्य नमुना मानला जातो तो 'नानूक ऑफ द नॉर्थ' (1922), त्यातलं इनुइट (उत्तर ध्रुवाकडचे मूळ रहिवासी) कुटुंबही जुळवलेलंच होतं. नायकाचं नाव नानूक नव्हतं आणि पडद्यावरची बायको त्याची बायको नव्हती. आत उजेड यावा म्हणून बर्फाचं घर एका बाजूने उघडं ठेवून बांधलं होतं.

आता पाहण्यासारखं. सगळ्यात आधी समीरा मखमलबाफचा इराणी चित्रपट 'द ॲपल' (1998). तेहरानमधल्या एका गरीब घरात बापाने दोन जुळ्या मुलींना जन्मापासून घरात कोंडून ठेवलं होतं. आई अंध. शेजाऱ्यांनी तक्रार केली, बातमी फुटली. समीरा तेव्हा सतरा वर्षांची. ती काही दिवसांतच कॅमेरा घेऊन तिथे पोचली आणि बाप, आई, मुली सगळ्यांना स्वतःच्याच भूमिकेत उभं केलं. अवघ्या अकरा दिवसांत शूटिंग झालं.

त्यातला एक प्रसंग मी कितीही वेळा पाहू शकतो. समाजसेविका मुलींना बाहेर गल्लीत खेळायला पाठवते, बापालाच आत ठेवून बाहेरून कुलूप लावते आणि त्याच्या हातात करवत देते. बाहेर यायचं असेल तर स्वतःच्या दाराचे गज स्वतः काप. म्हातारा करवत चालवत बसतो. हा प्रसंग रचलेला आहे हे उघड आहे, पण हात त्याच बापाचे आहेत आणि दारही तेच. पेपरवाल्यांनी मुलींना साखळीने बांधल्याचं छापलं म्हणून तो तक्रार करत राहतो. आपली बदनामी झाली हे दुःख त्याला मनापासून आहे. पटकथेने त्याला शिक्षा दिली आणि बोलायला जागाही दिली. त्याचा राग करता करता आपण त्याचं ऐकून घ्यायला लागतो. निव्वळ बातमीतून हे झालं नसतं.

दुसरा, कौथर बेन हानियाचा ट्युनिशियातला 'फोर डॉटर्स' (2023). ओल्फा नावाच्या आईच्या चार मुलींपैकी थोरल्या दोघी घर सोडून लिबियात आयसिसला जाऊन मिळाल्या. धाकट्या दोघी चित्रपटात स्वतःच आहेत, थोरल्या दोघींच्या जागी नट्या आहेत, आणि जे प्रसंग आईला झेपणार नाहीत तिथे तिच्या जागी हिंद साबरी ही नावाजलेली अभिनेत्री उभी राहते. सगळ्या पुरुषांच्या भूमिका एकाच नटाने केल्या आहेत. ओल्फा आपल्या लग्नाच्या रात्रीचा प्रसंग बसवते तेव्हा आईच दिग्दर्शक होते, असं नाही, तसं, म्हणून सांगते. आणि सावत्र बापाच्या अत्याचाराचा प्रसंग येतो तेव्हा तो नटच चित्रीकरण थांबवायला सांगतो. त्याला ते सहन होत नाही. मुलगी मात्र ठाम असते. तिला बोलायचं असतं. दिग्दर्शिकेने ही अडखळ कापून टाकली नाही, यासाठी मला तिच्याबद्दल फार आदर वाटतो. घरच्यांच्या जखमा कॅमेऱ्यासमोर उघड्या करायला लावणं न्याय्य आहे का, हा प्रश्न प्रेक्षकाने बाहेर येऊन विचारायच्या आधी चित्रपटातच विचारला जातो.

अब्बास किआरोस्तामीचा 'क्लोज-अप' (1990) या यादीत हवाच. तेहरानमधल्या एका कुटुंबाला एका गरीब सिनेवेड्याने आपण नामवंत दिग्दर्शक असल्याचं भासवून फसवलं. तो खटला खरोखर चालला आणि किआरोस्तामीने तो चित्रित केला. पुढे त्याच कुटुंबाने आपली फसवणूक कशी झाली ते स्वतःच्याच दिवाणखान्यात पुन्हा करून दाखवलं.

इटलीतला 'अ चांब्रा' (2017) यांच्या मानाने हलका जाईल. कालाब्रियातलं एक रोमा (जिप्सी) कुटुंब स्वतःचीच नावं घेऊन वावरतं. जेवणाच्या टेबलावरचा गलका तेवढ्यासाठीसुद्धा पाहा.

मराठीतला 'कोर्ट' (2014) या जातीचा नाही, तो कथापटच. तरी नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार त्यात लोकशाहीर झाले आहेत, आणि सरकारी वकीलबाई कोर्ट सुटल्यावर घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात तो भाग बघताना वरच्या चित्रपटांशी असलेलं नातं तुम्हाला लगेच जाणवेल.

क्रम विचाराल तर आधी 'द ॲपल', मग 'क्लोज-अप'. 'फोर डॉटर्स' शेवटी ठेवा, आणि घरात किशोरवयीन मुली असतील तर त्यांच्याबरोबर बसण्याआधी एकदा एकट्याने पाहून घ्या.