जुनी पेट्रोल कॅम्पर (आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी) घेतलीय, तर आधी हे बघ

भाऊ, गाडी मस्तय, पण लगेच पडदे-गाद्यांवर पैसे घालू नको, नवीन माणूस इथंच चुकतो.

आधी टायर. नक्षी चांगली दिसली तरी साइडवरच्या DOT कोडचे शेवटचे चार आकडे वाच, 2314 म्हणजे टायर 2014 च्या 23व्या आठवड्यात बनलाय, असे जुने टायर सरळ बदलून टाक. मग पेट्रोलचे रबरी पाइप, जुनं रबर आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलनं खराब होतं आणि तापलेल्या मोठ्या इंजिनवर गळती म्हणजे थेट आगच, म्हणून फायर एक्स्टिंग्विशर हाताशीच ठेव.

जळगावचा मे महिना तुला माहितीये, रेडिएटर साफ करून कूलंट भर, नुसतं पाणी नको, आणि गरम असताना झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही! कन्नड घाट उतरताना खालचा गिअर टाक, ब्रेक दाबून बसू नको.

कार्ब्युरेटरचं (इंजिनासाठी पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) नंतर सांगतो, आधी चाळीसगावपर्यंत नेऊन आण.