वाचकांचे प्रश्न : पोटावरचे इंजेक्शन आणि सिरिंजमधला बुडबुडा

प्रश्न : मी एका खासगी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात नुकतीच परिचारिका म्हणून रुजू झाले आहे. गुडघ्याच्या सांधेरोपणानंतर आमच्याकडे रुग्णांना एनॉक्सापॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचे 40 मिलिग्रॅमचे इंजेक्शन रोज पोटावर दिले जाते. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढून टाकावा, असे एक ज्येष्ठ सिस्टर सांगतात, तर दुसऱ्या त्याला हात लावू देत नाहीत. शिवाय काही रुग्णांच्या पोटावर काळेनिळे डाग पडतात आणि नातेवाईक मला जाब विचारतात. माझे काय चुकते?
— एक परिचारिका, सातारा जिल्हा

उत्तर : भरून आलेल्या सिरिंजमधले सगळे औषध द्यायचे असेल, तर दुसऱ्या सिस्टरांचे म्हणणे बरोबर आहे. बुडबुडा काढायला गेल्यास त्याच्याबरोबर औषधाचे थेंबही बाहेर जातात आणि मात्रा कमी पडते. सुई खाली करून सिरिंज उभी धरली की तो दट्ट्याच्या बाजूला चढतो, सर्वांत शेवटी बाहेर पडतो आणि सुईत उरलेले औषधही पुढे ढकलतो. हवेची भीती शिरेतून देण्याच्या इंजेक्शनाची आहे. त्वचेखालच्या चरबीत एवढ्याशा हवेने काही होत नाही. टोकाशी थेंब लोंबत असेल, तर सुई खालीच ठेवून सिरिंजवर हलकी टिचकी मारून तो पाडावा, कारण तो त्वचेत ओढला गेला की डाग पडण्याची शक्यता वाढते. वजनानुसार कमी मात्रा द्यायची असल्यास खुणा असलेली सिरिंजच घ्यावी आणि जादा औषध आधी टाकून द्यावे. खुणा नसलेल्या सिरिंजमधून अंदाजाने अर्धे औषध देऊ नये.

डाग पडला म्हणजे आपली चूकच झाली, असे नाही. रक्त गोठू न देणारे औषध असल्याने थोडा डाग कुशल हातांनाही टाळता येत नाही, मात्र तो कमी करता येतो. रुग्णाला उताणे झोपवून पोटाच्या बाजूचा भाग निवडावा, बेंबीपासून किमान 5 सेंटिमीटर दूर, एक दिवस उजवीकडे, दुसऱ्या दिवशी डावीकडे. जुना व्रण, आधीचा डाग आणि परकर-पायजम्याच्या नाडीचा घट्ट वळ उठतो ती जागा सोडावी. स्पिरिट पूर्ण वाळू द्यावे. अंगठा आणि तर्जनी यांत कातडीची घडी धरून सुई सरळ, पूर्ण आत घालावी आणि सुई बाहेर येईपर्यंत घडी सोडू नये; अनेकजणी सुई टोचताच चिमूट सोडतात, ते टाळावे. दट्ट्या मागे ओढून रक्त येते का, हे पाहू नये, कारण त्याने बारीक केशवाहिन्यांना इजा होते. औषध सावकाश, शक्य असल्यास 30 सेकंद घेऊन सोडावे. नंतर कोरड्या कापसाने हलकेच दाबावे; चोळू मात्र मुळीच नये, मग रुग्ण स्वतः चोळायला लागला तरी त्याला थांबवावे.

नातेवाईक डागाकडे बोट दाखवतात, पण माझ्या मते परिचारिकेची खरी कसोटी सुई हातात घेण्याच्या आधी लागते. केसपेपर उघडून प्लेटलेट (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) आणि क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी तपासणी) पाहावे. एनॉक्सापॅरिनसारख्या हेपारिन गटातील औषधाने क्वचित प्लेटलेट झपाट्याने उतरतात, बहुधा उपचाराच्या पाचव्या दिवसानंतर. मूत्रपिंड कमकुवत असेल तर औषध शरीरात साचते आणि डॉक्टरांना मात्रा बदलावी लागते. रुग्ण ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी घेत आहे का, हेही विचारावे. घरून आणलेल्या गोळ्यांच्या पाकिटात पुष्कळदा असे औषध सापडते.

आपल्या विभागात आणखी एक गोष्ट जपावी लागते. सांधेरोपणात पाठीच्या कण्याजवळ एपिड्युरल नळी (भुलीचे औषध सोडण्याची बारीक नळी) ठेवलेली असते तेव्हा तिथे रक्त साचून मज्जारज्जूवर दाब येण्याचा धोका असतो. रोजच्या 40 मिलिग्रॅमच्या मात्रेनंतर ती नळी काढण्यास किमान 12 तास जाऊ द्यावे लागतात आणि काढल्यावर पुढची मात्रा किमान 4 तासांनी देतात. अशा वेळी वेळापत्रक ठरवणे भूलतज्ज्ञांचे काम आहे, पण घड्याळ पाहणारी व्यक्ती बहुधा आपणच असता. पाय जड वाटणे, बधिर होणे, लघवी अडणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळच्या राउंडची वाट पाहू नये. पोटाच्या भिंतीत वाढत जाणारी, दुखणारी गाठ, काळी शौच किंवा लाल लघवी हीसुद्धा तशीच तातडीची लक्षणे आहेत.

कुपीतील साधे हेपारिन देण्याची वेळ आल्यास दुसऱ्या परिचारिकेकडून मात्रा तपासून घ्यावी. 5 मिलिलिटरच्या कुपीत मिलिलिटरमागे 1000 किंवा 5000 युनिट असू शकतात, आणि घाईत दोन्ही सारख्याच दिसतात.

प्रश्न : माझ्या आईला घरी हेच इंजेक्शन मी देते. एखाद्या दिवशी विसरले तर दोन द्यावीत का, आणि वापरलेली सुई कुठे टाकावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दोन इंजेक्शने एकत्र कधीही देऊ नयेत. आठवताच एक द्यावे. पुढच्या मात्रेची वेळ अगदी जवळ आली असल्यास आधी डॉक्टरांना फोन करावा. सुईवर टोपण पुन्हा बसवायला जाऊ नये, बोटाला टोचते ते तेव्हाच. जाड प्लॅस्टिकच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात सिरिंजा साठवून तो डबा रुग्णालयाकडे द्यावा. घंटागाडीच्या कचऱ्यात त्या मिसळू नयेत.