टेबलावरची साक्ष

प्रिय बाळ,

सलाम. तुझा लांबलचक मेसेज वाचल्यावर रात्री झोप लागेना, म्हणून सकाळी कागद घेऊन बसलो. फोनवर बोललो असतो तर 'हो काका, हो काका' म्हणून तू मोकळी झाली असतीस.

तहसीलची नोकरी सोडून बायबल कॉलेजला जाऊ का, असं विचारतेस. कार्यालयात जीव गुदमरतो म्हणतेस. संजय गांधी निराधार योजनेचं टेबल तुझ्याकडे. एजंटाच्या फायली आधी वर घ्यायचा साहेबांचा इशारा असतो. तू पैसे घेत नाहीस, पण फायली वर घेतेस. मग रविवारी चर्चच्या तरुण संघात बायबलमधल्या एस्तेर राणीवर बोलताना स्वतःचाच आवाज तुला खोटा वाटतो. आडनाव गावातल्या चारचौघांसारखं, त्यामुळे तू ख्रिस्ती आहेस हे कार्यालयात फारसं कुणाला ठाऊकही नाही.

टेबल सोडू नकोस. तुझी साक्ष, तुझ्या विश्वासाचा पुरावा, त्या टेबलावर आहे, चर्चमध्ये मंडळीच्या माइकवर नाही.

जकातदार, म्हणजे कर वसूल करणारे, बाप्तिस्मा घ्यायला आले आणि 'आम्ही काय करावं?' असं त्यांनी बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारलं. बायबलात लूकच्या तिसऱ्या अध्यायात उत्तर आहे. नाका सोडा, माझ्याबरोबर अरण्यात या, असं तो म्हणाला नाही. ठरवून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका, एवढंच म्हणाला. शिपायांनाही तसंच: कुणाला लुबाडू नका, पगारात भागवा. नदीकाठच्या त्या माणसाने महसूल खात्याला दिलेला उपदेश आहे हा, आणि त्याच खात्यात मी त्यावर आयुष्य काढलं. तू मत्तयाचं नाव घेशील. तोही जकातदार. मत्तय नाका सोडून उठून गेला, कारण त्याला येशूने हाक मारली होती. दुसरा जकातदार जक्कय, त्याला तशी हाक नव्हती. त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली, ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत केलं, आणि येशूने त्याच्या घरी तारण आलं म्हटलं. तुला हाक आली असेल तर जरूर जा. पण टेबलाची भीती वाटते म्हणून निघालीस, तर तीच भीती घेऊन कॉलेजात शिरशील आणि पुढे पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, झालीस की मंडळीच्या कमिटीपुढे मान खाली घालशील. असे पाळक मी पाहिलेत.

टिळकांचा दाखला दिलास. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' हा आपला भक्तसंघ काढला, खरं आहे. पण ते 1917 साल, आणि 1919 मध्ये ते गेले. बाप्तिस्मा 1895 चा. मधली वीसहून अधिक वर्षं ते शिकवत होते, कीर्तनं करत होते, 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाचा मराठी मजकूर सांभाळत होते. दरबार सगळ्यांना आठवतो, ती वर्षं कुणाला आठवत नाहीत.

पंडिता रमाबाईंकडे बघ. केडगावचं मुक्ती मिशन आपल्याकडच्या प्रत्येक संडे स्कूलच्या पोराला पाठ असतं. दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी विधवा आणि मुली आणल्या, हेही पाठ असतं. पण 1897 ची एक गोष्ट आपल्या उपदेशांत येत नाही. पुण्यात प्लेग होता, सरकार घरांत शिरून माणसं उचलत होतं. रमाबाईंच्या आश्रयातल्या एका मुलीला प्लेगच्या इस्पितळात नेलं, आणि तिथे बायकांशी कसं वागतात हे त्यांनी मुंबईच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहून उघड केलं. राज्यकर्ते ख्रिस्ती, साप्ताहिक ख्रिस्ती, बाई ख्रिस्ती. गव्हर्नर सँडहर्स्टने आरोप फेटाळले. आधीच सनातन्यांनी बाईंना टाकलेलं. आता आपल्याच धर्माचं सरकार रागावलं. तरी लिहिलं, कारण ती मुलगी त्यांच्या हवाली होती.

तुझ्या हवाली कोण आहे? खिडकीपाशी उभी राहते ती. प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, पासबुक. पिशवीला गाठ मारलेली, ती सोडताना बोटं थरथरतात. ऊस तोडून अंगठ्याच्या रेषा गेल्यात, मशीन अंगठा घेत नाही. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 रुपये, महिन्याचं अनुदान 1,500. दीड हजारासाठी ती एसटीचं भाडं आणि दिवसाचा रोज घालवून येते, आणि आपण म्हणतो, 'उद्या या.' उद्या आली की एक त्रुटी सांगतो, परवा दुसरी. कंटाळून ती एजंटाकडे जाते. एजंट कुठून जन्माला येतो, कळलं ना? आपल्या 'उद्या या' मधून.

म्हणून माझं ऐक. अर्ज आला की पोच द्यायची. सगळ्या त्रुटी एकाच वेळी, कागदावर, तारीख घालून, खाली तुझं नाव. आधार बँकेला जोडलेलं नसेल तर तेही त्यातच. फायली आल्या त्या क्रमाने नोंदवहीत, आणि त्याच क्रमाने वर. साहेब म्हणाले अमुक फाइल आधी घ्या, तर नम्रपणे म्हण, 'तसा शेरा मारा सर, मी घेते.' शेरा कुणी मारत नाही. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क देणारा 2015 चा लोकसेवा हक्क कायदा वाचून ठेव. भांडायची, आवाज चढवायची गरज नाही. ही तुझी साक्ष. अजून काय मोठं करायचंय तुला?

आणि त्या टेबलावर धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटायच्या नाहीत. मी कधी वाटल्या नाहीत, त्यावरून मंडळीतल्या दोघा-तिघांनी मला कोमट, म्हणजे अर्ध्या मनाचा ख्रिस्ती, म्हटलं. टेबल सरकारचं आहे, आणि समोरची बाई गरजेपोटी उभी आहे. तिच्या गरजेच्या आडून धर्म सांगणं हा येशूचा अपमान आहे, असं मी तेव्हा म्हणालो, आजही म्हणतो. त्या लोकांना मी अजून पुरता माफ केलेलं नाही, हेही लिहून टाकतो.

मात्र लपायचं नाही. एस्तेरवर तू छान बोललीस असं ऐकलं, पण दुसरा अध्याय नीट वाच. तिला वाढवणाऱ्या मर्दखयाने सांगितलं म्हणून तिने आपले लोक कोण ते आधी लपवलं होतं. पुढे तोंड उघडावं लागलंच, आणि उघडलं ते दुसऱ्यांचा जीव वाचवायला. तुला राजासमोर जायचं नाही. डिसेंबरात नाताळच्या करंज्या, शंकरपाळे डब्यातून ने, सगळ्यांना दे, कसलं म्हणून विचारलं तर सांग. सत्यनारायण असेल तर चहाच्या कामाला हात लाव, माणसांत बस. हल्लीच्या वातावरणात भीती वाटते म्हणतेस, वाटणारच. पण वर्षानुवर्षं तुझ्या टेबलावरून क्रमाने गेलेल्या फायली हे तुझ्या बाजूने बोलणारे साक्षीदार आहेत. ते नसतील तर नुसतं नाव सांगून काय उपयोग?

नाव सांगण्याची किंमत मला माहीत आहे. 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती धर्माला बांधल्या. 1956 मध्ये शीख आत आले, 1990 मध्ये बौद्ध. आपण आजही बाहेर. त्यामुळे आपल्यात किती घरं कागदावर एक आणि रविवारी एक आहेत, तू जाणतेस. मी त्यांना नावं ठेवत नाही. पोटाला चिमटा घ्यायला लावणारा आदेश त्यांनी काढलेला नाही. पण मी थोरल्याच्या प्रवेशाच्या फॉर्मवर 'ख्रिस्ती' लिहिलं. गुण थोडक्यात कमी पडले, अभियांत्रिकी हुकली. तो आज चाकणला एका कंपनीत पाळीत काम करतो. मला कधी बोलून दाखवलं नाही त्याने. त्याच्या आईने दाखवलं, भरपूर. मला वाईट वाटतं. रात्री वाटतं, एक रकाना वेगळा भरला असता तर काय बिघडलं असतं? बिघडलं असतं. ज्या हाताने दुसऱ्यांचे दाखले तपासून 'खोटा' म्हणत होतो, त्या हाताने घरचा खोटा कसा लिहायचा होता? माझंही टेबल होतं ना? पुन्हा तो फॉर्म समोर आला तर मी तेच लिहीन. तुला हे हट्टी वाटेल. वाटू दे.

माझी दूरच्या तालुक्यात बदली झाली होती, अशाच एका न सरकवलेल्या फायलीमुळे. तिथे पहिल्या आठवड्यात चहाही कुणी विचारला नाही. नंतर तिथल्याच कोतवालाने मला सांगितलं, लोक गावात म्हणतात, त्या बिनपैशाच्या साहेबाकडे जा. धर्म त्यांना ठाऊक नव्हता. पुढे ठाऊक झाला, तोही कुणीतरी विचारल्यावर.

प्रार्थना कर, हे तुला सांगायला नको. पण टेबलाची प्रार्थना कर, नावं घेऊन. खिडकीवरच्या बायकांची, आणि त्या साहेबांचीही. त्यांनाही वरून कुणीतरी दाबत असेल.

अर्ज मंजूर करणाऱ्या समितीची बैठक जवळ आली असेल. तोवर टेबलावरचे सगळे अर्ज तारखेच्या क्रमाने लाव, ज्यांच्या त्रुटी तोंडी सांगितल्यास त्यांना आजच लेखी दे, आणि एजंटाच्या फायली त्यांच्या जागी, मागे ठेव. साहेब काय म्हणाले ते मला रविवारी उपासनेनंतर सांग. बायबल कॉलेजचं आपण त्यानंतर बोलू.

तुझा,
काका