पळता पळता दम सोडते

प्रश्न : काका, तारकर्लीला आमची 1997 ची दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक जेट स्की आहे. पाऊसभर शेडमध्ये होती. आता चालू पटकन होते, पण पूर्ण थ्रॉटलवर चार-पाच मिनिटं पळाली की आवाज खाली येतो, वेग निम्मा होतो. थोडा वेळ थांबवली की पुन्हा छान पळते. दोन्ही प्लग नवे घातले. मिस्त्री म्हणतो पिस्टन गेले, इंजिन उतरवू. उतरवू का?

उत्तर : इतक्यात नको. ‘थांबवली की पुन्हा छान पळते’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. पिस्टन किंवा रिंग झिजली असती तर गाडी पहिल्या मिनिटापासूनच रडली असती.

आवाज खाली येतो म्हणता, म्हणजे मागचा पंप सध्या बाजूला ठेवू. वाळू लागून इम्पेलरभोवतीची, म्हणजे पाणी मागे फेकणाऱ्या पंख्याभोवतीची, रिंग झिजली, तर इंजिन जोरात ओरडतं आणि गाडी मात्र सरकत नाही. तुमचं उलट आहे. इंजिनलाच काहीतरी कमी पडतंय, आणि मला पेट्रोलचा संशय आहे.

टाकीतलं पेट्रोल कमी होतं तशी वरून हवा आत यावी लागते. त्या व्हेंट नळीत एक छोटी एकतर्फी झडप असते. ती मिठाने, गंजाने चिकटली किंवा कुंभारीण माशीने नळीत माती भरली, की टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोलच्या पंपाला पेट्रोल ओढवत नाही. देवगडात होड्यांची मशीनं करताना हे मी कितीदा तरी पाहिलंय. पुढच्या वेळी दम सोडला की शांत पाण्यात इंजिन बंद करा आणि टाकीचं झाकण हळूच सैल करा. हवा ‘फस्स’ करून आत गेली तर चोर सापडला. नळी काढून फुंका : हवा टाकीकडे जायला हवी, उलट यायला नको.

आवाज आला नाही तर पेट्रोलच्या नळ्या पाहा. त्या काळातल्या काही गाड्यांत राखाडी नळ्या असत. त्या आतून विरघळतात आणि हिरवट चिकटा कार्बोरेटरमधल्या बारीक जाळीत बसतो. तशा असतील तर सगळ्या बदला, जाळ्याही साफ करा. पावसाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल तर काढूनच टाका. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओल धरतं, पाणी तळाशी बसतं.

इंजिन तापूनही असंच होतं. म्हणून थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार बाहेर नीट पडते का, तेही बघा.

एक कळकळीची विनंती. पेट्रोल कमी मिळत असताना फुल थ्रॉटल देत राहू नका. टू-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं किंवा त्याच्याच साथीने काम करतं, आणि पेट्रोल कमी, हवा जास्त असं कोरडं मिश्रण पिस्टनला खरंच भोक पाडतं. मग मिस्त्रीचं म्हणणं खरं व्हायचं. आणि चालू करण्याआधी दर वेळी सीट उचलून आतली वाफ जाऊ द्या. बंद पोटात साठलेल्या पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते.

हे सगळं करूनही फरक नसेल, तर सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावा : दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. दोन सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला, तरच इंजिन उतरवायचं. ते आकडे आणि झाकण उघडताना आवाज आला की नाही, एवढं मला कळवा.