बसचा रूट आमच्या गावापर्यंत वाढवून घ्यायचा असेल तर निवेदनात काय लिहावं?

तुम्ही विचारलंय की तुमचं गाव 2021 मध्ये पुणे मनपात आलं, पण पीएमपीची (पुणे आणि पिंपरी-चिंचवडची शहर बससेवा) बस अजून चार किलोमीटर अलीकडेच संपते, ती गावापर्यंत वाढवा असं निवेदन द्यायचंय, आणि चालू असलेले रूट अधूनमधून बदलतात किंवा बंद होतात ते का. मी एका शहराच्या परिवहन सेवेत बरीच वर्षं गाड्यांची शेड्यूल लावायचं काम केलंय, आता पुण्यातच राहतो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने हे कसं दिसतं ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे निवेदनात नुसतं "रूट वाढवा" असं लिहू नका. कळकळीने सांगतोय, कारण ही मागणी मंजूर करणं सगळ्यात सोपं असतं आणि तिच्यातून सगळ्यांचंच नुकसान होऊ शकतं. समजा तुमची गाडी सध्याच्या शेवटच्या स्टॉपपासून स्वारगेटला जाऊन परत यायला, दोन्ही टोकांना थांबायचा वेळ धरून, दोन तास घेते आणि रूटवर आठ गाड्या आहेत. 120 मिनिटं भागिले आठ, म्हणजे दर 15 मिनिटांनी गाडी. आता चार किलोमीटर वाढवले की जाऊन-येऊन आठ झाले, ट्रॅफिक आणि अरुंद रस्ता धरला तर 40 मिनिटं सहज जातात. गाड्या तेवढ्याच ठेवल्या तर 160 भागिले आठ, दर 20 मिनिटांनी गाडी. म्हणजे तुमच्या गावाला बस मिळाली पण आधीच्या सगळ्या स्टॉपवरच्या माणसांचं थांबणं वाढलं, आणि त्यांना कुणी विचारलं सुद्धा नाही. 15 मिनिटंच ठेवायची तर 11 गाड्या लागतात, तीन जास्तीच्या, आणि त्या तीन गाड्यांबरोबर दोन शिफ्टचे ड्रायव्हर-कंडक्टर लागतात.

ड्युटीचंही गणित बिघडतं. आठ तासांच्या ड्युटीत, जेवणाची सुट्टी आणि डेपोतलं जाणं-येणं वजा करून, पूर्वी तीन पूर्ण फेऱ्या बसायच्या तिथे अडीच बसतात, आणि अर्धी फेरी म्हणजे माणसाची शिफ्ट भलत्याच टोकाला संपणार, तिथून तो डेपोत कसा येणार? मग शेड्यूलवाला शेवटची अर्धी फेरी कापतो आणि तुमच्या गावात रात्रीची गाडी येत नाही. लोकांना वाटतं ड्रायव्हरने मुद्दाम आणली नाही, पण बऱ्याचदा ती कागदावरच नसते.

मग मागायचं काय? दोन गोष्टी करून बघण्यासारख्या आहेत.

एक म्हणजे एकाआड एक फेरी गावापर्यंत. अर्ध्या गाड्या जुन्या स्टॉपवरून परत, अर्ध्या पुढे गावात. याला तीनऐवजी दोनेक जास्तीच्या गाड्यांत भागतं, मेन रूटची 15 मिनिटं तशीच राहतात आणि तुम्हाला दर अर्ध्या तासाने थेट गाडी मिळते. फक्त पाटीवर गावाचं नाव ठळक पाहिजे आणि वेळा ठरलेल्या पाहिजेत (7:10, 7:40, 8:10 अशा), म्हणजे माणूस घरातून वेळ बघून निघतो.

दुसरी गोष्ट म्हणजे फीडर, लहान गाडी फक्त गाव ते मोठा स्टॉप किंवा मेट्रो स्टेशन अशी फिरवायची. फेरी 40 मिनिटांची असेल तर दोन गाड्यांत दर 20 मिनिटांनी सेवा होते. लहान गाड्या पुण्याला नवीन नाहीत, 2021 मध्ये पेठांमधल्या अरुंद रस्त्यांसाठी पुण्यदशम नावाने अशाच आणल्या होत्या, दहा रुपयांत दिवसभर फिरा अशी योजना होती. तुमच्या गावातली बहुतेक माणसं एकाच दिशेला जात असतील तर एकाआड एकवाला पर्याय धरा. कुणी हडपसरला, कुणी कात्रजला, कुणी मेट्रो धरून शिवाजीनगरला असं असेल तर फीडर बरा.

फीडरला लोक विरोध करतात, "गाडी बदलायला लावू नका" म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे, कारण पुण्यात गाडी बदलली की पुन्हा तिकीट. 2025 च्या भाडेवाढीनंतर पहिल्या टप्प्याचे 10 रुपये झाले, म्हणजे फीडरचे जाता-येता 20 रुपये नुसते वरचे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही मनपांच्या हद्दीतला दिवसाचा पास 70 रुपयांचा आहे, तो रोजच्या माणसाला परवडेलच असं नाही. म्हणून निवेदनात हे पण मागा की फीडरमधून उतरून तासाभरात मेन रूटची गाडी धरली तर तेच तिकीट चालावं. ही काही अवास्तव मागणी नाहीये. दक्षिण कोरियातल्या सोल शहराने 1 जुलै 2004 ला सगळे बस रूट एकदम बदलले, मेन रस्त्यांवरच्या निळ्या गाड्या, वस्त्यांमधून आणणाऱ्या हिरव्या, लांबच्या उपनगरांच्या लाल, मधल्या भागात गोल फिरणाऱ्या पिवळ्या. पहिल्या दिवशी कार्डाची यंत्रणाच कोलमडली, प्रचंड गोंधळ झाला, लोक भडकले होते. पण बस आणि मेट्रो मिळून जेवढं अंतर तेवढंच भाडं, बदलायचे वेगळे पैसे नाहीत, हे त्यांनी त्याच दिवशी आणलं आणि ती व्यवस्था टिकली. आपल्याकडे मुंबईत बघा ना, बेस्टची कितीतरी माणसं स्टेशनपर्यंतच बसने जातात आणि पुढे लोकल, बदलायला त्यांची ना नसते कारण मागची गाडी लगेच येते. बदलण्यापेक्षा बदलून ताटकळण्याचा त्रास जास्त.

आता रूट बंद का होतात. प्रत्येक रूटचं किलोमीटरमागे उत्पन्न काढतात आणि खालचे रूट "तोट्यात" म्हणून कापले जातात. पीएमपीची तूट पुणे मनपा 60 टक्के आणि पिंपरी-चिंचवड मनपा 40 टक्के भरते, त्यामुळे खर्चावर डोळा असणारच, ते मला मान्य आहे. पण दिवसाला चार फेऱ्या असलेल्या रूटला तोट्यातला म्हणणं मला कधीच पटलेलं नाही. चार फेऱ्यांवर भरवसा ठेवून कोण नोकरी धरेल, कोण मुलीला कॉलेजला पाठवेल? माणसं टू-व्हीलर घेतात, गाडी रिकामी धावते, मग आणखी एक फेरी कमी होते, असं करत करत रूट मरतो आणि कागदावर लिहितात "प्रतिसाद नाही". म्हणून निवेदनात साफ लिहा की सेवा किमान सहा महिने पूर्ण फेऱ्यांनी चालवून मगच हिशोब करावा, आणि सुरुवात जूनमध्ये करावी, कारण शाळा-कॉलेज उघडताना विद्यार्थ्यांचे पास निघतात, एकदा का मुलं व्हॅन किंवा गाडीवर गेली की वर्षभर परत येत नाहीत.

रूट वेडावाकडा होण्याचं कारण वेगळं. प्रत्येक नगरसेवकाला आपल्या वॉर्डातून गाडी फिरलेली हवी असते. एका गल्लीत वळवलं की तिथल्या दहा-बारा जणांची सोय होते आणि आत बसलेल्या चाळीस जणांची सात-आठ मिनिटं जातात. तुमच्याही गावात प्रत्येक सोसायटी गेटपर्यंत गाडी मागेल, तेव्हा तुम्हीच ठाम राहा, मेन रस्ता धरा आणि तिथपर्यंत फुटपाथ आणि लाईट मागा.

निवेदनाला जोडायच्या गोष्टींत सगळ्यात महत्त्वाची म्हणजे गाडी वळवायची जागा. बारा मीटरची गाडी रिव्हर्स न घेता कुठे वळेल ते फोटोसकट दाखवा, खाली लोंबणाऱ्या वायरी, फांद्या, संध्याकाळी दुतर्फा लागणाऱ्या गाड्या, सगळं आधी बघून ठेवा, कारण पाहणीला आलेला माणूस इथेच शेरा मारून जातो. शेवटच्या स्टॉपवर ड्रायव्हर-कंडक्टरसाठी पाणी आणि संडास आहे का ते बघा. लेडीज कंडक्टर असतात, दिवसभर त्या कुठे जाणार? मंदिर ट्रस्ट किंवा शाळा सोय देत असेल तर तसं लेखी घ्या, याने तुमच्या अर्जाला खरंच वजन येतं. मग किती माणसं, किती वाजता, कुठे जातात त्याचा साधा तक्ता, सह्यांच्या शंभर पानांपेक्षा तो एक कागद जास्त कामाचा. पहिली आणि शेवटची गाडी कितीला हवी ते वेळेसकट लिहा. जवळचा डेपो कुठला तेही लिहा, कारण डेपो ते पहिला स्टॉप गाडी रिकामी पळते, तुमचं गाव शेवाळेवाडीसारख्या डेपोच्या जवळ असेल तर तो तुमच्या बाजूचा मुद्दा आहे.

एक प्रत पीएमपीच्या वाहतूक विभागाला, एक डेपो मॅनेजरला आणि वळायच्या जागेसाठी मनपाच्या क्षेत्रीय कार्यालयाला द्या, पोच घ्या. सध्याच्या गाडीला एका फेरीला लागणारा वेळ आणि रूटवरच्या गाड्या एवढं स्टॉपवर गाड्यांच्या वेळा सांभाळणाऱ्या कंट्रोलरला विचारून इथे टाकलंत तर तुमच्या रूटचं गणित मी मांडून देतो.